उदकपरीक्षा : ग्रंथातील आणि घरातील

आपल्यापैकी बहुतेकांच्या रुग्णपत्रकात आहार, विहार, निद्रा, अग्नी, कोष्ठ, मलप्रवृत्ती यांचे रकाने असतात. साक्षेपी वैद्य रुग्णाचा व्यवसाय आणि त्याचे राहण्याचे ठिकाणही लिहून घेतो. मात्र रुग्ण पितो ते पाणी कोठून येते, कोणत्या टाकीत साठते आणि त्याची कधी तपासणी झाली आहे काय, हा रकाना क्वचितच कोठे आढळतो. ‘पाणी गार पिता की कोमट?’ असे आपण आवर्जून विचारतो. ‘कोणते पाणी पिता?’ असे विचारत नाही. उदकाला औषधाच्या पंक्तीत बसवणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांकडून हे व्हावे, याचे नवल वाटते. या रिकाम्या रकान्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

टिटवाळ्याचे उदाहरण घेतो, कारण व्यवसायाच्या निमित्ताने ते रोजच्या पाहण्यातले आहे. येथील महागणपतीची कथा सर्वश्रुत आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळी गावात पाण्याचे दुर्भिक्ष होते म्हणून तलावातील गाळ काढण्यास सांगितले गेले आणि त्या गाळात मूर्ती सापडली, अशी आख्यायिका आहे. अंगारकीला रांगेत उभ्या राहणाऱ्या हजारो भाविकांपैकी किती जणांच्या ध्यानात असते की, ही कथा मुळात पिण्याच्या पाण्याची आहे? गाव काळू नदीच्या काठी. ही नदी माळशेजच्या बाजूने येऊन पुढे उल्हास नदीस मिळते. मांडा-टिटवाळा आता कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि बारावे, मोहिली, नेतिवली यांप्रमाणे टिटवाळ्यासही महापालिकेचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. असे असताना पाण्याची चिंता वैद्याने का वाहावी, असा प्रश्न साहजिक आहे.

त्याचे उत्तर इमारतीच्या तळमजल्यावर मिळते. गेल्या पंचवीस वर्षांत येथे गृहसंकुले ज्या गतीने उभी राहिली, त्या गतीने जलवाहिन्या व मलवाहिन्या टाकल्या गेल्या नाहीत. परिणामी एकाच इमारतीत तीन पाणी नांदतात : सकाळी ठरावीक वेळ येणारे नळाचे, दिवसभर उपसले जाणारे कूपनलिकेचे आणि उन्हाळ्यात विकत घेतलेले टँकरचे. ही तिन्ही पाणी जमिनीखालच्या एकाच टाकीत एकत्र होतात, तेथून गच्चीवरच्या टाकीत चढतात आणि मग घराघरांत उतरतात. शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्याचा अहवाल कितीही निर्दोष असला, तरी तो या मिश्रणाचा अहवाल नव्हे. शिवाय पाणी चोवीस तास नसते. वाहिनीतील दाब उतरला की सांध्यांतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते, आणि शेजारून गटार जात असेल तर काय ओढले जाते हे सांगण्याची आवश्यकता नाही. केंद्रापासून इमारतीच्या मीटरपर्यंत पाहणारे कोणी तरी असते. मीटरपासून ओठांपर्यंत पाहणारे कोणीही नसते.

मूळ स्रोताचीही स्थिती समाधानकारक नाही. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला आणि 2015 मध्ये लवादाने त्याबाबत कठोर आदेश दिले. मोहने परिसरात उल्हासच्या पात्रावर पसरणारी जलपर्णी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या पाण्यात सांडपाण्यातील पोषकद्रव्ये किती उतरत असतील याचा अंदाज अहवालाशिवायही येतो.

आता आपल्या चिकित्सालयात येऊ. पावसाळा सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांनी कामलेचे रुग्ण वाढू लागतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. कावीळ झाली की वैद्याकडे जावे, अशी महाराष्ट्रातील जनसामान्यांची दृढ श्रद्धा आहे. आपण पथ्य सांगतो, मृदु विरेचन देतो, यथायोग्य कल्प योजतो आणि बहुसंख्य रुग्ण बरे होतात. त्या यशाचा आनंद योग्यच आहे. परंतु दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ व ‘ई’ प्रकारची विषाणुजन्य कावीळ बहुतेक रुग्णांत स्वतःहूनही ओसरते, हे नाकारून चालणार नाही. रुग्ण बरा होऊन जातो, वैद्याची कीर्ती वाढते आणि टाकी तशीच राहते. पुढच्या महिन्यात त्याच इमारतीतील दुसरा रुग्ण येतो. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र मानणाऱ्यांनी हेतूला हात न लावता लक्षणांवर समाधान मानावे, हे शास्त्राला धरून नाही.

यात एक काळाचा पेच आहे, आणि माझ्या मते तोच या विषयाचा गाभा आहे. ‘ए’ प्रकारच्या काविळीचा संचयकाळ सुमारे चार आठवड्यांचा असतो. ‘ई’ प्रकारात तो दोन ते नऊ आठवड्यांपर्यंत असू शकतो. म्हणजे आज पिवळे डोळे घेऊन आलेल्या रुग्णाने जे पाणी प्यायले, ते महिन्यापूर्वीच वाहून गेलेले असते. आज घेतलेला नमुना कदाचित निर्दोष निघेल आणि सोसायटीचे चिटणीस तो अहवाल फलकावर लावतील. रोग दिसल्यावर केलेली जलपरीक्षा ही बहुधा उशिरा केलेली परीक्षा असते. तेव्हा परीक्षा नियतकालिक हवी, म्हणजे रोग नसतानाही व्हावयास हवी. नेमके हेच आपल्याला पटवणे कठीण जाते, कारण आपली सर्व विद्या रुग्ण समोर आल्यावर जागी होते.

‘ई’ प्रकाराचा इतिहास वैद्यांनी अवश्य अभ्यासावा. 1955 च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पाण्यात नजफगढ नाल्याचे सांडपाणी शहराच्या जलग्रहण-स्थानापर्यंत पोहोचले. अधिकाऱ्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली. त्यामुळे आंत्रिक ज्वराची साथ उसळली नाही. मात्र पुढील काही आठवड्यांत सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. जीवाणूंना पुरलेले क्लोरीन त्या गढूळ पाण्यातील विषाणूला पुरले नव्हते. साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या पुढील काळातील तपासणीवरून ती साथ आज आपण ज्याला ‘हिपॅटायटिस ई’ म्हणतो त्याची होती, असे मानले जाते. गर्भिणीस, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा रोग अतिशय घातक असून अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण वीस ते पंचवीस टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. गर्भिणी कामलेची लक्षणे घेऊन आल्यास तिला कोणताही विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. याबाबतीत दुमत असण्याचे कारण नाही.

ही दूरची किंवा जुनी गोष्ट आहे असे कोणी समजू नये. 2012 मध्ये इचलकरंजीत पंचगंगेच्या दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली आणि त्यात मृत्यूही झाले. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, विशेषतः नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत, गुइलाँ-बारे नावाच्या विकाराचे रुग्ण अकस्मात वाढले. हात-पाय लुळे पडू लागलेले रुग्ण एकामागून एक रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी काहींच्या मलनमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जीवाणू आढळला आणि पाण्याकडे बोट गेले. हा पट्टा टिटवाळ्याशी किती मिळताजुळता आहे पाहा : महापालिकेत नव्याने आलेली गावे, झपाट्याने वाढलेली संकुले, विहीर, टँकर आणि खासगी केंद्रांतून विकले जाणारे जारचे पाणी. तेथील अनेक खासगी आर.ओ. केंद्रांच्या पाण्यातही दोष आढळले आणि ती बंद करण्यात आली. अतिसार होऊन गेल्यावर पंधरवड्याने पक्षवधासारखी लक्षणे घेऊन येणाऱ्या रुग्णाचा पाण्याशी संबंध कोणत्या वैद्याच्या मनात प्रथम आला असता? रकाना भरलेला असता तर कदाचित आला असता.

‘आमच्या ग्रंथांत जलपरीक्षा आहेच’ असे म्हणून या चर्चेस पूर्णविराम देणारे बांधव पुष्कळ भेटतात. ती आहे, आणि तिचा अभिमान बाळगावा. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात पाण्याचे दोष स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य आणि विपाक अशा सहा अंगांनी सांगितले आहेत. आंतरिक्ष जल गांग की सामुद्र, हे ठरवण्यासाठी न कुजलेला, न करपलेला साळीच्या भाताचा गोळा रूप्याच्या पात्रात पावसात ठेवावा आणि मुहूर्तभराने तो पालटला की नाही ते पाहावे, अशी परीक्षाही तेथे दिली आहे. पात्र कोणते, द्रव्य कोणते, काळ किती आणि निष्कर्ष कशावरून काढावयाचा, हे सर्व त्यात निश्चित केलेले आहे. आजच्या प्रयोगशाळेतील परीक्षेचा सांगाडा यापेक्षा वेगळा नाही. चरकाने जनपदोध्वंसाच्या अध्यायात वायू, उदक, देश आणि काल यांची दुष्टी सांगताना ज्या जलाशयाला जलचर व पक्षी सोडून गेले आहेत, त्याचे पाणी विकृत जाणावे असे म्हटले आहे. आज पर्यावरणाचे अभ्यासक नदीतील मासे आणि कीटक मोजून जे अनुमान काढतात, ते याहून वेगळे काय?

परंतु ही सहा अंगे इंद्रियांची आणि अनुभवाची आहेत. नायट्रेटला या प्रमाणात रंग नाही, वास नाही, चव नाही. अर्सेनिक आणि शिसे यांनाही नाही. काविळीच्या विषाणूने दूषित झालेले पाणी स्फटिकासारखे स्वच्छ असू शकते. प्रत्यक्षाचा आवाका लहान आणि अप्रत्यक्षाचा अफाट, हे चरकानेच सांगून ठेवले आहे व म्हणून अनुमान आणि युक्ती ही प्रमाणे स्वीकारली आहेत. प्रयोगशाळेची कुपी हे अनुमानाचेच साधन होय. तिला परके मानण्याचे कारण नाही. वाग्भटाने वर्षा ऋतूत दिव्य किंवा उकळलेल्या जलाबरोबर विहिरीचे पाणीही घेण्यास सांगितले, म्हणून कूपनलिकेचे पाणी निर्धोक ठरवणारे सल्ले कानी पडतात. वाग्भटाच्या विहिरीपासून पंधरा हातांवर बारा सदनिकांची मलटाकी नव्हती, याचा विचार नको काय?

निवळी आणि ताम्रपात्र यांबद्दलही तारतम्य हवे. कतक म्हणजे आपली निवळी. तिने गढूळपणा खाली बसतो आणि त्यासोबत काही जंतूही बसतात. पाणी नितळ होते, निर्जंतुक होत नाही. बंगळूरच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसाराचे काही जीवाणू नष्ट झाल्याचे दाखवले. ही परंपरेला बळ देणारी गोष्ट आहे. मात्र तो अभ्यास जीवाणूंचा होता. त्यावरून तांबे विषाणूही मारते किंवा नायट्रेट काढून टाकते, असे म्हणणे म्हणजे अभ्यासाच्या तोंडी आपले शब्द घालणे होय.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा उकळण्याचा आहे. ‘पाणी उकळून प्या’ हा आपला नित्याचा उपदेश. जंतूंच्या बाबतीत तो उत्तम आहे. खळखळून उकळी आलेले पाणी जीवाणू आणि विषाणू दोहोंपासून सुरक्षित होते. विद्राव्य दोषांच्या बाबतीत मात्र तो उलटा पडतो. पाणी वाफेने जाते, क्षार मागे राहतात. षडंगपानीय अर्धे आटवून दिवसभर द्यावयाचे असते. कूपनलिकेच्या पाण्यात लिटरमागे 40 मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर ते भारतीय मानकाच्या 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेत बसते, पण अर्धे आटवल्यावर तेच 80 होते. शार्ङ्गधराने उष्णोदकाचे अष्टमांशापर्यंत आटवण्याचे जे प्रकार सांगितले, ते या पाण्यावर केले तर काय होईल याचा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा. प्रौढाने दिवसातून एकदा घेतलेल्या पळीभर काढ्याने फारसे बिघडणार नाही, हेही तितकेच खरे. काढ्यात उतरतो तो मूळ पाण्यातलाच अंश, आणि पिण्याच्या दोन-तीन लिटरांपुढे तो थोडा असतो. चिंता आहे ती दिवसभर आटवलेलेच पाणी पिणाऱ्या रुग्णाची आणि तान्ह्या बाळाची. सहा महिन्यांच्या आतील बाळाला नायट्रेटयुक्त पाण्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होऊन अंग निळसर पडण्याचा विकार संभवतो. घुटी उगाळण्यास चमचाभर पाणी लागते, तेथे धोका मुख्यतः जंतूंचा. परंतु काही कारणाने ज्या बाळाला भुकटीचे दूध द्यावे लागते, त्याचे पाणी आई ‘काळजीने’ बराच वेळ उकळते. त्या आईला पाण्याचा स्रोत विचारणे, हे वैद्याचे काम नव्हे तर कोणाचे?

जलनेतीसंबंधी एक सूचना येथेच करून ठेवतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात 2011 मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा मेंदूत अमीबाचा शिरकाव होऊन मृत्यू झाला. नेतीसाठी उकळून निववलेलेच पाणी वापरावे, हे आपण रुग्णाला लेखी द्यावे.

आता औषधिनिर्मात्यांकडे वळतो. आपल्या उद्योगात पाणी हे सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे आणि सर्वांत कमी तपासले जाणारे द्रव्य आहे. गुळवेलीची ओळख पटवण्यासाठी जो मालक दोन तज्ज्ञांना विचारतो, तोच कूपनलिकेची तोटी निःशंकपणे काढ्याच्या भांड्यात सोडतो. औषधी व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 2000 साली आलेल्या अनुसूची ‘टी’मध्ये निर्मितीसाठीचे पाणी शुद्ध व पिण्यायोग्य असावे, अशी अट आहे. तपासणीच्या दिवशी दाखवण्यापुरता एक अहवाल बहुतेकांच्या दप्तरी असतो. तो कोणत्या महिन्यातला आणि कोणत्या तोटीचा, हे मात्र पाहिले जात नाही.

उदाहरणादाखल घनाचा हिशेब मांडतो. 100 किलो भरडीस आठपट, म्हणजे 800 लिटर पाणी घातले आणि काढा आटवून 15 किलो घन मिळाला असे समजा. पाण्यात लिटरमागे 1,000 मिलिग्रॅम विद्राव्य क्षार असतील, तर 800 ग्रॅम क्षार भांड्यात उतरले. ते वाफेने जात नाहीत. गाळलेल्या चोथ्यात राहणारा अंश सोडला तर बाकी सर्व घनात येतात. म्हणजे घनाच्या वजनाचा पाच टक्क्यांच्या आसपासचा भाग औषध नसून कूपनलिका आहे! घनाचे भस्ममूल्य अकारण चढे येते, तेव्हा आपण पुरवठादाराला माती मिसळल्याचा दोष देतो. पण कधी कधी माती आपल्याच जमिनीखालून आलेली असते. शिशाचे पाहू. पिण्याच्या पाण्यातील शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. जुन्या पितळी जोडण्यांमुळे ते 0.05 झाले, तर 800 लिटरांत 40 मिलिग्रॅम, आणि 15 किलो घनात दशलक्ष भागांत सुमारे 2.7 भाग. वनस्पतिज औषधातील शिशाची मान्य मर्यादा 10 भाग आहे. तिच्यातला चौथा हिस्सा केवळ पाण्याने खाल्ला, वनस्पतीचे अजून मोजलेच नाही. 2004 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी तेथील दुकानांत मिळणाऱ्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये जड धातू आढळल्याचे प्रसिद्ध केले आणि त्यानंतर निर्यातीच्या औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली, हे आपण विसरलो नसू. त्या वेळी सर्व चर्चा रसकल्पांभोवती फिरली. पाण्याचे नाव कोणी घेतले नाही.

लोहाची परीक्षा तर आपल्या घरातच आहे. हिरड्याचा काढा नेहमीच्या पिवळट-तपकिरी रंगाऐवजी शाईसारखा काळा होत असेल तर पाण्यातील किंवा भांड्यातील लोह त्यातील कषाय द्रव्यांशी जोडले गेले आहे, असे समजावे. जुने औषधकर्ते हे पाहून विहीर बदलत असत.

परीक्षा करावी म्हणजे नेमके काय करावे, हे सांगितल्याविना हा लेख केवळ उपदेश ठरेल. सर्वांत स्वस्त साधन म्हणजे हायड्रोजन सल्फाइडची कुपी. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ही पद्धत 1982 मध्ये प्रसिद्ध केली आणि आज ती जगभर वापरली जाते. कुपीत खुणेपर्यंत पाणी भरावे, झाकण लावून खोलीच्या उष्णतेस ठेवावे आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी पाहावे. पाणी काळे पडल्यास ते मलसंसर्गाचे सूचक समजावे. ही अंतिम परीक्षा नव्हे. क्वचित भूगर्भातील पाणी अन्य कारणानेही काळे पडते, आणि विषाणू तिला दिसत नाहीत. पण जेथे काहीच पाहिले जात नव्हते तेथे हा प्रकाश पुरेसा आहे. दुसरी परीक्षा उर्वरित क्लोरीनची. ग्रामपंचायतींत ‘ओ.टी. टेस्ट’ म्हणून ती परिचित आहे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. घरच्या तोटीला किमान 0.2 मिलिग्रॅम असावयास हवे. केंद्रात असलेले क्लोरीन टाकीत नाहीसे झाले असेल तर टाकी धुण्याची वेळ झाली आहे. ओ.टी.चे द्रव हाताळताना मात्र काळजी घ्यावी आणि शक्य असल्यास आता उपलब्ध असलेली डी.पी.डी. गोळी वापरावी.

या ठिकाणी टी.डी.एस. मीटरचा उल्लेख करावा लागतो, कारण घराघरांत तोच ‘पाणी तपासणारे यंत्र’ म्हणून मिरवतो. तो केवळ विद्राव्य क्षारांचे एकूण मान दाखवतो. मलमिश्रित पाण्याचा आकडा 120 असू शकतो आणि निर्दोष झऱ्याचा 350. यंत्रे विकणारे काही जण पाण्यात विजेच्या सळया बुडवून ते लालसर गढूळ करून दाखवतात. तो गढूळपणा मुख्यतः त्या सळईच्या लोखंडाचा असतो. आर.ओ. यंत्राची गरज क्षार जास्त असलेल्या पाण्याला. नदीचे पाणी मुळात मऊ असते. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या ठिकाणी आर.ओ.च्या वापरावर बंदी आणण्याचे निर्देश दिले, ते याच कारणास्तव. शिवाय या यंत्रातून आलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे साठवणीत जंतू निर्वेधपणे वाढतात. चिकित्सालयाच्या प्रतीक्षाकक्षात अशा यंत्रांची माहितीपत्रके ठेवणे वैद्यास शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी परीक्षा, मग यंत्र. आपण निदानाआधी औषध देत नाही.

रासायनिक तपासणी प्रयोगशाळेतच करावी लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, शिवाय जलजीवन मिशनखाली पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा नागरिकांनाही नाममात्र शुल्कात खुल्या करण्यात आल्या आहेत. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या आपल्या प्रदेशात विदर्भातील यवतमाळ-चंद्रपूरसारखी फ्लोराइडची भीती सहसा नाही. कूपनलिकेसाठी नायट्रेट, काठिण्य, लोह, एकूण क्षार आणि कोलिफॉर्म एवढे पाहिले तरी बहुतेक काम भागते. औषधशाळांनी त्यात शिसे व अर्सेनिक जोडावे. नमुना घेण्यात चूक झाली तर अहवाल व्यर्थ जातो. जंतुपरीक्षेसाठी तोटी पुसून, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू देऊन, प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच, बाटली न विसळता नमुना घ्यावा आणि बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी पोहोचवावा. शिशासाठी याच्या नेमके उलट : रात्रभर तोटीत थांबलेले पहाटेचे पहिले पाणी, काहीही वाहू न देता.

महापालिकेचे काम आपण का करावे, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. त्याला उत्तर असे की, हे महापालिकेचे काम नाही. टाकी इमारतीची, तोटी घराची आणि रुग्ण आपला. सोसायटीचे पदाधिकारी किंवा विकासक नाराज होतील, ही भीती मात्र खरी आहे. एकट्या वैद्याने ‘तुमच्या टाकीचे पाणी दूषित आहे’ असे म्हटले तर त्याच्या दारातील रुग्ण कमी होऊ शकतात, याची उदाहरणे परिसरात आहेत. म्हणूनच हे काम एकट्याचे असू नये. संघटनेने एक साधे पत्रक छापावे : पाण्याचा स्रोत, टाकी शेवटची केव्हा धुतली, क्लोरीन, कुपीचा निकाल, आणि त्या इमारतीतील मागील तीन महिन्यांतले कामला, अतिसार व आंत्रिक ज्वराचे रुग्ण. रुग्णाचे नाव त्यात नको. पत्रक वैद्याच्या नव्हे, संघटनेच्या नावाने जावे, आणि एकाच इमारतीतून दोन कामलाग्रस्त आढळताच महापालिकेच्या आरोग्य विभागास कळवले जावे.

वर्षातून दोन वेळा हे करावे : एकदा ग्रीष्माच्या अखेरीस, जेव्हा पाणी तळाला जाते व टँकर येतात, आणि एकदा पहिल्या जोरदार पावसानंतर आठवड्याभरात. पुनर्वसू आत्रेयांनी जनपदोध्वंसाचा विषय अग्निवेशाला काढून दिला तो काळही ग्रीष्माच्या शेवटच्या महिन्याचाच होता. येत्या मे महिन्यापासून आरंभ करण्यास टिटवाळा, आंबिवली आणि खडवली भागातील सभासदांनी आपापल्या चिकित्सालयाच्या व औषधशाळेच्या तोटीपासूनच सुरुवात करावी. कुप्यांची एकत्रित खरेदी केल्यास त्या स्वस्त पडतील, आणि नमुन्यांची बर्फपेटी आळीपाळीने कोणी न्यावयाची हे आपसांत ठरवता येईल.